कारच्या स्टिअरिंगचे झिजलेले सांधे: कसे ओळखायचे आणि कसे बदलायचे

पावसाळ्यात खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाकडून 'टक' असा आवाज येऊ लागला, स्टिअरिंग किंचित सैल वाटू लागलं, की बहुतेक जण गाडी थेट व्हील अलाइनमेंटच्या दुकानात नेतात. तिथे गाडी रॅम्पवर चढते, संगणकावरचे आकडे लालचे हिरवे होतात, पैसे दिले जातात. पंधरा दिवसांत गाडी पुन्हा एका बाजूला ओढते आणि टायरची आतली कड खाल्ली जात असते. याचं कारण सोपं आहे. झिजलेल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही, कारण ज्या मापावर चाक सेट केलं ते माप धरून ठेवणारा सांधाच सैल आहे. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, नेमका कुठे आहे ते शोधायचं, तो भाग बदलायचा आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट.

हा लेख रॅक-पिनियन स्टिअरिंगच्या लहान आणि मध्यम कारसाठी आहे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आजच्या वॅगन आर, स्विफ्ट, टियागोपर्यंत घराघरातल्या गाड्यांची रचना मुळात एकच आहे. जुन्या जीप पद्धतीच्या गाड्यांचे ड्रॅग लिंक वगैरे प्रकार वेगळे, ते इथे घेतलेले नाहीत.

आधी रचना समजून घ्या

तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा कॉलमच्या शेवटी असलेली पिनियन ही छोटी दातेरी गरारी फिरते आणि रॅक नावाचा दातेरी दांडा डावीकडे-उजवीकडे सरकवते. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. गॅरेजात त्याला रॅक एंड म्हणतात. त्याच्यावर हार्मोनियमच्या भात्यासारखा चुण्यांचा रबरी बूट असतो, त्यामुळे तो उघड्यावर दिसत नाही. रॅक एंडच्या दांड्याच्या बाहेरच्या टोकावर टाय रॉड एंड फिरवून बसवलेला असतो आणि तो चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या बिडाच्या भागाला, जोडलेला असतो.

टाय रॉड एंडमध्ये गोल डोक्याची एक खुंटी वाटीसारख्या घरात ग्रीससह बसवलेली असते. चाक वरखाली होतं, वळतं, तेव्हा ही खुंटी सगळ्या दिशांना हलू शकते, पण सुटी होत नाही. वाटीच्या तोंडावर रबराची छोटी टोपी असते. सांध्याचं आयुष्य जवळजवळ पूर्णपणे या टोपीवर अवलंबून आहे. टोपी फाटली की आतलं ग्रीस वाहून जातं, चिखलाचं पाणी आत शिरतं, पाणी वाळतं आणि बारीक वाळू आतच राहते. त्यानंतर प्रत्येक वळणाला ती वाळू खुंटीला घासत राहते. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा जिथे रस्त्याची कामं वर्षानुवर्षं चालू असतात अशा भागात एक पावसाळा फाटक्या टोपीने काढला, तर दिवाळीपर्यंत तो सांधा बोलायला लागतो.

खालच्या बाजूला लोअर आर्म असतो आणि त्याच्या टोकाला बॉल जॉइंट. हा स्टिअरिंगचा भाग नाही, सस्पेन्शनचा आहे. पण चाक याच सांध्यावर वळतं. तो झिजला की लक्षणं अगदी स्टिअरिंगचीच दिसतात, म्हणून तपासणीत तो सोडून चालत नाही.

लक्षणं काय सांगतात, काय सांगत नाहीत

लहान लहान खड्ड्यांवरून वीस-तीसच्या वेगाने जाताना टकटक होत असेल आणि त्याच वेळी स्टिअरिंगला हाताखाली बारीक ठोका जाणवत असेल, तर संशय टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा खुद्द रॅकच्या आतल्या बुशवर. आवाज येतो पण स्टिअरिंगला काहीच कळत नाही, असं असेल तर स्टॅबिलायझर बारची लिंक, शॉकअपचा वरचा माउंट किंवा लोअर आर्मचे बुश आधी बघावेत.

महामार्गावर सरळ जाताना सतत छोट्या छोट्या दुरुस्त्या कराव्या लागणं, म्हणजे गाडी 'तरंगणं', हे सैल सांध्यांचं खास लक्षण. गाडी सातत्याने एकाच बाजूला ओढत असेल तर मात्र पाने बाहेर काढू नका. हवेचा दाब मोजा, मग पुढची दोन्ही चाकं अदलाबदल करून बघा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अदलाबदल करू नये. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा आहे. ब्रेकचा कॅलिपर अडकल्यानेही गाडी ओढते, तेव्हा त्या बाजूचं चाक फेरफटक्यानंतर दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागतं.

ऐंशी ते शंभरच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरणं आणि त्यापुढे किंवा त्याखाली थांबणं, हे बहुतेक वेळा व्हील बॅलन्सिंगचं काम. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरणं हे डिस्कचं. स्टिअरिंग वळवलं की स्प्रिंग आवळून सुटल्यासारखा 'टंण' आवाज आला तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग. या तिन्ही कारणांसाठी टाय रॉड बदलून काहीही फरक पडणार नाही, आणि असे विनाकारण बदललेले टाय रॉड आपल्याकडे थोडे नाहीत.

टायर मात्र खोटं बोलत नाहीत. पुढच्या टायरवर हाताचा तळवा आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर चाक सरळ न चालता तिरकं घासत चाललं आहे. एकाच चाकावर ही झीज असेल तर त्या बाजूचे सांधे आधी तपासा.

तपासणी, पहिली पायरी: गाडी जमिनीवरच

जॅक लावण्याआधी ही तपासणी करावी, कारण चाकांवर वजन असताना सांध्यातला प्ले जास्त स्पष्ट कळतो. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून उटी, म्हणजे अडणीचे ठोकळे, लावा. इंजिन बंद, चावी फक्त इतकी फिरवा की स्टिअरिंगचं लॉक सुटेल.

पुढची चाकं सरळ ठेवून स्टिअरिंगच्या रिंगच्या कडेजवळ डॅशबोर्डला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि एका बोटाने स्टिअरिंग हलकेच दोन्हीकडे फिरवा. चाक हलायला लागण्याआधी रिंग मोकळी किती सरकते ते मोजा. लहान गाड्यांत हे अंतर ३० मिलिमीटरच्या आत असायला हवं. चांगल्या स्थितीतल्या गाडीत ते त्याहून बरंच कमी असतं.

आता घरातल्या कुणाला तरी आत बसवा आणि स्टिअरिंग थोडंसंच, घड्याळातल्या अकरा ते एकच्या दरम्यान, झटपट डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही पुढच्या चाकामागून हात घालून टाय रॉड एंडचा सांधा मुठीत धरा, म्हणजे दांडा आणि नकल दोन्ही बोटांना एकदम लागले पाहिजेत. सांधा चांगला असेल तर दोन्ही एकाच वेळी हलतात. झिजलेला असेल तर दांडा आधी हलतो, मग बोटाला बारीक ठोका लागतो आणि नंतर नकल हलतो. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. अर्धा मिलिमीटरचा प्ले डोळ्याला दिसत नाही, बोटाला लगेच कळतो.

मग हात रॅकच्या रबरी बुटावर न्या आणि बूट दाबून आतला रॅक एंड धरा. तीच तपासणी पुन्हा. आतून ठोका लागला तर रॅक एंड गेलाय. बूट दाबताना आत पातळ तेल खळखळलं आणि गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल, तर रॅकचं सील गेलं आहे. तिथे सांधे बदलून भागत नाही, रॅकचंच काम निघतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत बुटात तेल नसतं. तिथे पाणी किंवा गंजाचा लाल चिखल सापडतो आणि तो फाटक्या बुटाची साक्ष असतो.

चाकं आणि दोन्हीकडचे सांधे गच्च आहेत, तरी स्टिअरिंग मोकळं फिरतं? मग कॉलमच्या खालचा युनिव्हर्सल जॉइंट बघा. पेडलच्या वर, पायांच्या जागेत टॉर्च घेऊन डोकावलं की तो दिसतो. वरचा भाग फिरला आणि खालचा उशिरा फिरला तर दोष तिथे.

दुसरी पायरी: चाक उचलून

एकावेळी एकच पुढचं चाक उचला आणि गाडी घोडीवर, म्हणजे वजन पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर, टेकवा. नुसत्या जॅकवर गाडी असताना तिच्याखाली हात किंवा डोकं घालायचं नाही. काढलेलं चाक किंवा स्टेपनी दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवा. घोडी सरकलीच, तर गाडी तुमच्यावर न येता त्या चाकावर येते.

चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरा आणि आतबाहेर झटके द्या. आत बसलेल्याला स्टिअरिंग पक्कं धरायला सांगा. इथे लागलेला प्ले टाय रॉड एंडचा, रॅक एंडचा किंवा बेअरिंगचा असू शकतो. आता बारा आणि सहाच्या जागी धरून तेच करा. दोन्ही दिशांना प्ले असेल तर बेअरिंगवर संशय घ्यावा. फरक ओळखायची एक खात्रीची युक्ती आहे: कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने हब आणि नकल एकत्र जखडले जातात, त्यामुळे बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो. ब्रेक दाबूनही बारा-सहाला प्ले उरला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट. खात्रीसाठी आर्म आणि नकलच्या मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून हलकेच उचलून बघा. खुंटी वाटीत वरखाली झाली तर निकाल लागला.

सांधा ओळखल्यावर त्यावर रंगाचा ठिपका द्या. दोन्ही बाजू तपासून झाल्यावर कागदावर लिहा: डावा टाय रॉड एंड, उजवा रॅक एंड, जे असेल ते. काम गॅरेजातच करून घ्यायचं ठरलं तरी हा कागद हातात असलेल्या ग्राहकाला कुणी 'पूर्ण सस्पेन्शन करावं लागेल' असं सहज सांगत नाही.

सामान घेताना

गाडीचा चासी नंबर घेऊन दुकानात जा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत सांध्याची लांबी, आट्यांची जाडी, खुंटीचा उतार बदलतो, आणि चुकीच्या उताराची खुंटी बसल्यासारखी वाटते पण बसलेली नसते. कंपनीचा अस्सल भाग घ्या किंवा राणे ग्रुपसारख्या, वाहन कंपन्यांना स्टिअरिंगचे भाग पुरवणाऱ्या उत्पादकाचा घ्या. पुण्यातल्या नाना पेठेत एकाच गाडीचा टाय रॉड एंड तीन-चार वेगवेगळ्या भावांत मिळेल. खोका न फाटलेला, रबरी टोपी मऊ, खुंटी हाताने वळवताना गच्च पण सारखी फिरणारी, असा नग घ्या. नवा सांधा बोटाने सैल हलत असेल तर तो घेऊ नका. लहान गाड्यांत या भागात अस्सल आणि नकली यांच्यातला फरक काही शे रुपयांचा असतो, आणि हा भाग तुटला तर चाक त्याच्या मर्जीने वळतं. इथे काटकसर करू नका.

दोन्ही बाजू एकदम बदलायच्या का? ज्या बाजूला प्ले आहे ती बदलाच. दुसरी बाजू गच्च असेल आणि टोपी अखंड असेल तर तिला हात लावायची गरज नाही. टोपी फाटलेली असेल तर मात्र प्ले नसला तरी बदला.

हत्यारांत फिक्स आणि रिंग पाने, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, हातोडा, टाय रॉडचा पुलर (खुंटी दाबून सोडवणारं हत्यार), तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, ग्रीस, नव्या स्प्लिट पिना (नट सुटू नये म्हणून आरपार घालायच्या दोन पायांच्या पिना) आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने नट आवळणारा पाना. टॉर्क रेंच भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मिळाला तरी चालेल, पण हवाच.

टाय रॉड एंड बदलणं

चाक जमिनीवर असतानाच व्हील नट अर्धा आटा सैल करा. मग गाडी घोडीवर, चाक बाहेर. तारेच्या ब्रशने आटे घासा, लॉक नटवर, म्हणजे टाय रॉड एंडला दांड्यावर जागच्या जागी आवळून धरणाऱ्या नटवर, आणि खुंटीच्या नटवर स्प्रे मारा आणि चहा पिऊन या. किनारपट्टीवरची गाडी असेल तर आदल्या रात्रीच स्प्रे मारून ठेवणं बरं.

आता माप घ्या, आणि हे नीट घ्या. लॉक नटच्या कडेपासून सांध्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून लिहा. लॉक नटची जागा दांड्यावर रंगाच्या रेघेने दाखवा. दांड्याच्या आट्यांचा टप्पा सव्वा मिलिमीटर धरला, नकलवरच्या स्टिअरिंग आर्मची लांबी १२० मिलिमीटर धरली आणि टायर १६५/७० आर १४ असेल, तर सांधा एक पूर्ण आटा पुढे-मागे झाल्याने टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत साधारण ६ मिलिमीटरचा फरक पडतो. टो म्हणजे चाकांचा आत-बाहेर कल, आणि तो बहुतेक लहान गाड्यांत शून्याच्या आसपास, एक-दोन मिलिमीटरच्या आत ठेवायचा असतो. एका आट्याची चूक म्हणजे थोड्याच दिवसांत टायर खाणारी चूक.

सांधा नकलला घट्ट असतानाच लॉक नट सोडा. हा क्रम चुकला तर नंतर सगळा दांडा पान्याबरोबर गरगर फिरतो. दांड्याला चपटी जागा केलेली असते, तिथे दुसरा पाना लावून तो धरून ठेवा, नाहीतर आतल्या रबरी बुटाला पीळ पडतो आणि तो फाटतो. लॉक नट पाव आटा फिरवला की पुरे, जास्त नाही, कारण तीच तुमची खूण आहे.

खुंटीच्या नटची स्प्लिट पिन सरळ करून काढा. नट जवळजवळ शेवटपर्यंत सैल करा, पण दोन-तीन आटे राहू द्या. खुंटी उताराच्या भोकात ओढून बसलेली असते, ती नुसत्या हाताने निघत नाही. पुलर लावून दाब आणा आणि मग नकलच्या कानावर, म्हणजे ज्या बिडाच्या डोळ्यात खुंटी बसली आहे त्याच्या बाजूवर, हातोड्याचा एक सणसणीत ठोका द्या. खुंटी 'टक' करून सुटते. राहिलेल्या नटमुळे ती उडून अंगावर येत नाही. खुंटीच्या टोकावर हातोडा मारू नका. आटे पसरतात आणि मग नटही निघत नाही. दुभागलेल्या टोकाची सळई ठोकून सांधा सोडवायची पद्धत अनेकजण वापरतात. जुना सांधा टाकूनच द्यायचा असेल तर ती चालते, पण त्यात टोपी फाटतेच. म्हणून फक्त रॅक एंडसाठी चांगला टाय रॉड एंड सोडवत असाल तर पुलरच वापरा.

आता सांधा फिरवून काढा आणि किती आटे फिरले ते मोठ्याने मोजा. अर्धा, पाव आटाही लिहा. जुना आणि नवा सांधा शेजारी ठेवून लांबी, खुंटीची जाडी, आटे जुळवून बघा. दांड्याचे आटे पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर द्या, म्हणजे पुढच्या वेळी अलाइनमेंटवाल्याला तो गंजलेला मिळणार नाही. नवा सांधा तितकेच आटे आत न्या. नव्याची लांबी किंचित वेगळी असेल तर आट्यांपेक्षा मोजलेल्या अंतराला महत्त्व द्या.

खुंटी बसवण्याआधी नकलचं भोक आतून कापडाने कोरडं करा. दांड्याच्या आट्यांना ग्रीस लावायचं, पण खुंटीच्या उताराला अजिबात नाही. हा सांधा घर्षणाने धरून राहतो आणि ग्रीस लागलं तर खुंटी गरजेपेक्षा जास्त आत ओढली जाते. नट फिरवताना खुंटीही फिरू लागली तर खालून हलका दाब द्या. काही खुंट्यांच्या टोकाला ॲलन की लावायला खाच असते, तिथे धरा.

नट टॉर्क रेंचने घट्ट करा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला, लहान गाड्यांत तो साधारण ३५ ते ५० न्यूटन मीटरमध्ये असतो. खाचांचा नट असेल आणि ठरलेल्या टॉर्कवर खाच आणि भोक जुळत नसेल, तर नट पुढे घट्ट करून जुळवा, मागे सैल करून कधीही नाही. स्प्लिट पिन नवीच घाला आणि तिचे पाय नीट दुमडा. आत नायलॉन असलेला नट असेल तर तोही नवा, जुना पुन्हा वापरू नये. शेवटी लॉक नट रंगाच्या रेघेशी आणून घट्ट करा. 'अलाइनमेंटला सोडायचाच आहे' म्हणून तो सैल ठेवून रस्त्यावर जाऊ नका.

रॅक एंड बदलणं

हे काम टाय रॉड एंडच्या पुढची पायरी आहे आणि पहिल्यांदाच गाडीखाली जात असाल तर अनुभवी हात सोबत हवा. टाय रॉड एंड आणि लॉक नट काढून झाल्यावर बुटाची बाहेरची क्लिप चिमट्याने दाबून सरकवा, आतली पट्टी कापा आणि बूट ओढून काढा. आत ग्रीस काळं आणि चिकट असेल तर ठीक. लालसर चिखल असेल तर रॅकच्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडले आहेत का ते पुसून, टॉर्चच्या उजेडात बघा. खड्डे असतील तर नव्या रॅक एंडवरचा खर्च वाया जाणार आहे, रॅकच बदलावा लागेल.

रॅक एंडच्या मुळाशी लॉक वॉशर असतो, त्याची दुमडलेली कड छिन्नीने सरळ करा. रॅक एंड सोडवताना ताकद लागते आणि ती सगळी पिनियनच्या दात्यांवर जाऊ द्यायची नाही. त्यासाठी रॅकच्या दातेरी भागावर, त्याच्या चपट्या बाजूला, दुसरा पाना धरून रॅक अडवून ठेवा. रॅकच्या गुळगुळीत गोल भागाला मात्र पाइप पाना लावू नका, त्यावर एक ओरखडा पडला तरी हायड्रॉलिक रॅकचं सील गळायला लागतं. नवा रॅक एंड नव्या वॉशरसह मॅन्युअलच्या टॉर्कला घट्ट करा, वॉशरची कड पुन्हा दुमडा, सांध्याला ग्रीस भरा. बुटाला बारीकशी चीर दिसली तरी नवा बूट घाला. बूट बसवताना स्टिअरिंग मध्यावर असू द्या आणि चुण्यांना पीळ नाही ना ते बघून मगच पट्टी आवळा.

लोअर आर्मबद्दल थोडक्यात

बऱ्याच लहान गाड्यांत बॉल जॉइंट आर्मसकटच येतो. आर्म बदलताना होणारी सगळ्यात सामान्य चूक म्हणजे गाडी हवेत लटकत असतानाच आर्मच्या बुशचे बोल्ट पूर्ण घट्ट करणं. मग गाडी खाली आली की बुश कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. बोल्ट फक्त हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा किंवा आर्मखाली जॅक लावून वजन द्या, मग ते घट्ट करा.

रॅक 'टाइट' करण्याविषयी

रॅकमधून आवाज येत असेल तर काही ठिकाणी रॅकच्या मागचा समायोजनाचा स्क्रू आवळून आवाज घालवून देतात. तो स्क्रू रॅक आणि पिनियन यांच्यातला मोकळेपणा ठरवतो. अंदाजाने आवळला तर आवाज जातो खरा, पण स्टिअरिंग वळणातून स्वतःहून परत मध्यावर येत नाही. घाटातल्या वळणांवर हे धोक्याचं आहे. मॅन्युअलमधली पद्धत आणि मोजणी माहीत असलेल्याकडूनच हे करून घ्यावं. कॉलम, एअरबॅग, इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर यांनाही घरी हात लावू नये. कॉलम सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं गरगर फिरलं तर आतली एअरबॅगची गुंडाळलेली तार तुटते.

रस्त्यावर जाण्याआधी

चाक लावा, नट आडव्या-तिडव्या क्रमाने घट्ट करा आणि गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क द्या. इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. कुठे अडकतंय, घासतंय, बुटाला पीळ पडतोय का ते बघा. मघाची अकरा-ते-एकची तपासणी पुन्हा करा. ठोका गेलेला असला पाहिजे. अजून असेल तर दुसराही सांधा झिजलेला आहे, आवाज 'नवीन भाग बसेपर्यंत' येत राहील असं समजून सोडून देऊ नका.

अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यापुरतं टो घरीच बघता येतं. दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यभागी, पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूने खूण करा. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. गाडी इतकीच पुढे ढकला की त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येतील, आणि पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे टो. चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी आटे चुकले आहेत, दुकानात जाण्याआधीच ते दुरुस्त करा.

मोकळ्या मैदानात हळू वेगाने दोन-चार फेऱ्या मारा, ब्रेक दाबून बघा, वळणातून स्टिअरिंग सोडल्यावर ते मध्याकडे परततं का ते बघा. मग थेट अलाइनमेंट. तिथे एक गोष्ट आवर्जून सांगा: स्टिअरिंग आधी सरळ लॉक करा आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड जुळवून टो घ्या. एकाच बाजूचा दांडा फिरवून टो जुळवला तर आकडे बरोबर येतात, पण रस्त्यावर सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं दिसतं. टाय रॉडचे लॉक नट काम झाल्यावर पुन्हा घट्ट केले ना, हे तिथेच खाली वाकून स्वतः बघा. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर व्हील नट आणि हे लॉक नट एकदा पान्याने तपासून घ्या, आणि पुढच्या पावसाळ्याआधी, मे महिन्यात, गाडी धुताना रबरी टोप्या आणि बूट टॉर्चने बघायची सवय ठेवा.